सायकलला मुलांचा ट्रेलर: नवी मुंबई आणि ठाण्याच्या रस्त्यांसाठी निवड आणि वापर

मुलांना सायकलमागे बसवून नेण्यासाठी ट्रेलर, म्हणजे सायकलला जोडून ओढायची दोन चाकांची छोटी गाडी, घ्यायचे मनात आले की बहुतेक पालक आधी किमती आणि रंगरूप पाहू लागतात. नवी मुंबईत आणि ठाण्यात सुरुवात रस्त्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन मुलांचा ट्रेलर साधारण ७५ ते ८५ सेंटीमीटर रुंद असतो आणि सायकलचा हँडलबार बहुधा ६० ते ७० सेंटीमीटरचा असतो, त्यामुळे जिथून हँडलबार निघाला तिथून ट्रेलरची चाकेही निघतीलच, हा अंदाज पहिल्याच दिवशी चुकतो. खरेदीपूर्वी मोजपट्टी घेऊन घरापासून नेहमीच्या ठिकाणापर्यंत एकदा पायी जावे आणि लिफ्टचे दार, पार्किंगमधील दोन गाड्यांमधली वाट, सोसायटीच्या फाटकातली लहान दिंडी आणि पदपथाच्या तोंडाशी दुचाकी अडवण्यासाठी रोवलेले खांब यांचे माप लिहून घ्यावे. यांतले सर्वांत अरुंद माप हीच आपल्या ट्रेलरच्या रुंदीची मर्यादा.

रस्त्यांबाबतही असेच पारखून घ्यावे लागते. पाम बीच मार्ग सरळ आणि गुळगुळीत असल्याने मोह पडतो, परंतु तिथे मोटारींचा वेग फार असतो आणि जमिनीलगत चालणारा ट्रेलर चालकाच्या नजरेत उशिरा येतो, म्हणून मुलांना घेऊन त्या मार्गावर जाऊ नये. नेरूळ, सीवूड्स आणि खारघर इथले सेक्टरांतर्गत रुंद रस्ते, विशेषतः रविवारी सकाळी सातच्या आत, या कामाला उत्तम आहेत. ठाण्यात उपवन तलावाच्या परिसरात सकाळी लवकर फेरी मारता येते, पण येऊरचा चढ आणि त्याहून अधिक त्याचा उतार टाळावा. नौपाडा किंवा जांभळी नाक्याच्या गर्दीतून रोज ये-जा असेल तर ट्रेलरचा हट्ट सोडून सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसणारे चांगले चाइल्ड सीट घ्यावे. अरुंद रस्त्यावर तेच सोयीचे पडते, शिवाय मूल वाहनांच्या धुराच्या नळकांड्यांच्या पातळीवर राहत नाही.

रस्ते अनुकूल असतील तर मात्र ट्रेलरचा एक मोठा गुण असा की सायकल आडवी पडली तरी लवचिक जोडामुळे तो सहसा आपल्या दोन चाकांवर उभा राहतो. हा गुण टिकावा म्हणून खरेदी करताना सांगाडा, पट्टे आणि जोड या तीन गोष्टींवर तडजोड करू नये. मुलाच्या डोक्याच्या वरून जाणारा धातूचा कमानीसारखा सांगाडा हवा, पट्टे दोन्ही खांदे, कंबर आणि मांड्यांमधून येणारे पाच टोकांचे हवेत, आणि युरोपचे ईएन १५९१८ किंवा अमेरिकेचे एएसटीएम एफ१९७५ यांपैकी एका मानकाचा उल्लेख ट्रेलरवर किंवा पुस्तिकेत असावा. सामान वाहण्यासाठी बनवलेल्या गाडीत उशी टाकून मुलांना बसवू नये.

आपल्याकडे सायकलच्या बहुतेक दुकानांत मुलांचा ट्रेलर मांडलेला दिसत नाही आणि तो बहुधा परदेशातून मागवावा लागतो, किंवा तिथून परतणाऱ्या कुटुंबाकडून वापरलेला घ्यावा लागतो. वापरलेला घेताना कापड किती स्वच्छ आहे यापेक्षा सांगाड्याच्या सांध्यांवर भेग किंवा वाक आहे का, पट्ट्यांची शिवण उसवली आहे का आणि बकल एका झटक्यात बंद होते का, हे पाहावे. टायरच्या कडेवरचे आकडेही वाचावेत. २० इंची चाकावर ४०६ हा आकडा (टायर बसणाऱ्या रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) असेल तर मुलांच्या २० इंची सायकलीचे टायर-ट्यूब कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. वेगळा आकडा असेल तर एक ट्यूब जास्तीची घेऊन ठेवावी.

जोड, म्हणजे हिच, हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. बहुतेक ट्रेलरांचा हिच सायकलच्या मागच्या चाकाच्या ॲक्सलवर, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरते त्यावर, डाव्या बाजूला बसतो. आपल्याकडच्या पुष्कळ सायकलींना नटाचे भरीव ॲक्सल असते, तिथे १५ नंबरच्या पान्याने नट काढून हिचची पट्टी सरकवायची आणि नट पुन्हा घट्ट करायचा. या वेळी ॲक्सलचे आटे नटाच्या पूर्ण जाडीतून बाहेर येतात की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. हिचची जाडी मध्ये आल्याने काही सायकलींत नट अर्ध्याच आट्यांवर अडकतो आणि अशा नटावर मुलांचा भार सोपवता येत नाही. त्यासाठी लांब ॲक्सल बसवून घ्यावे. क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय खटक्याने उघडणारा दांडा, असेल तर त्याहून लांब दांडा लागतो आणि थ्रू-ॲक्सल, म्हणजे फ्रेमच्या आरपार जाऊन आट्यांत बसणारे जाड ॲक्सल, असेल तर त्याच मापाचा अडॅप्टर. कार्बनच्या फ्रेमला जोडण्यास अनेक उत्पादक मनाई करतात, तेव्हा सायकलची आणि ट्रेलरची, दोन्ही पुस्तिका वाचाव्यात. ट्रेलरचा दांडा हिचमध्ये अडकवणारी मुख्य खीळ बसल्यावर तिची सुरक्षा-पट्टी सायकलच्या फ्रेमभोवती गुंडाळून अडकवायची, म्हणजे खीळ निसटली तरी ट्रेलर मागे सुटत नाही.

मूल बसवण्यापूर्वी दहा किलो तांदळाचे पोते पट्ट्यांनी बांधून रिकाम्या रस्त्यावर सराव करावा. ब्रेक लावल्यावर मागून येणारा धक्का, सुटताना लागणारा जोर आणि वळताना ट्रेलरचे आतले चाक सायकलपेक्षा किती आतून जाते, हे तिथे कळते. आपण डावीकडून चालत असल्याने डावे वळण घेताना आतले चाक पदपथाच्या कठड्यावर चढण्याचा धोका अधिक असतो आणि ट्रेलर उलटण्याचे हे नेहमीचे कारण आहे, म्हणून वळण रुंद आणि अगदी हळू घ्यावे. अनेक पुस्तिकांत सरळ रस्त्यावर ताशी साधारण २५ किलोमीटर आणि वळणावर ताशी ८ किलोमीटरची मर्यादा दिलेली असते. आपल्या रस्त्यांवर मी ताशी १५ पेक्षा अधिक वेगाची शिफारस करणार नाही. गतिरोधकावर दोन्ही चाके एकाच वेळी चढतील असे सरळ जावे. गटाराचे खोलगट झाकण दोन चाकांच्या मधून नेता येत असेल तरच तसे करावे, नाहीतर थांबून उतरावे.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था एक वर्षाखालील मुलांना सायकलवरून नेऊ नये असे सांगते. एक वर्ष झाल्यावरही मूल हेल्मेट घालून मान सावरून बराच वेळ बसू शकते का, हे घरीच पाहून मग बालरोगतज्ज्ञांना विचारावे. हेल्मेटचा मागचा फुगवटा सीटच्या पाठीला टेकून मान पुढे ढकलली जात असेल तर त्यासाठी पाठीच्या वरच्या भागात खोलगट जागा असलेला ट्रेलर निवडावा. खांद्यांचे पट्टे एक बोट जेमतेम सरकेल इतके घट्ट असावेत आणि त्यांची लोंबती टोके चाकाकडे जाणार नाहीत अशी खोचावीत. सामान फार मागे ठेवले तर पुढचा दांडा वर उचलला जातो आणि सायकलच्या मागच्या चाकाची पकड कमी होते, म्हणून पाण्याची बाटली आणि पिशवी मुलांच्या पायांजवळ ठेवावी. कमाल वजनाच्या मर्यादेत मुलांबरोबर हे सामानही मोजायचे असते.

पुढची जाळी नेहमी बंद ठेवावी, कारण सायकलच्या मागच्या चाकाने उडालेले खडे थेट आत येतात. जाळीवरचे पारदर्शक प्लास्टिक मात्र उन्हात खाली सोडू नये. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ते सोडल्यास आत काही मिनिटांतच कोंडून येते आणि लहान मुलाला ते सांगताही येत नाही. थांबून जाळीतून हात घालून मुलाची मान चाचपावी. घामाने निथळत असेल तर फेरी तिथेच संपवावी. उंच काठीवरचा झेंडा दिवसाही लावावा आणि मागे लाल दिवा चालू ठेवावा.

जून ते सप्टेंबर ट्रेलर बंद ठेवावा. पाण्याखाली खड्डा दिसत नाही आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब जातो. ठेवण्यापूर्वी कापड पूर्ण वाळवावे, नाहीतर कोकणपट्टीच्या दमट हवेत पट्ट्यांच्या शिवणीत बुरशी धरते. खाडीजवळच्या इमारतींत नटबोल्टही लवकर गंजतात, त्यांना तेलाचा हात द्यावा. पावसाळा संपल्यावर ट्रेलर बाहेर काढाल तेव्हा टायरची हवा कडेवर छापलेल्या मर्यादेत भरावी आणि हिचमधले रबर वाकवून पाहावे. त्यात भेगा दिसल्या तर तो भाग बदलेपर्यंत मूल ट्रेलरमध्ये बसवू नये.