व्हायोलिन-पियानो जोडीचं रेकॉर्डिंग: या चुका टाळा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सोनाटांमध्ये, म्हणजे या दोन वाद्यांसाठीच्या अनेक भागांच्या रचनांमध्ये, पियानो निव्वळ साथीला नसतो. संगीतकार डेब्युसीचा १९१७चा सोनाटा घ्या, यानाचेकचा १९१४ मध्ये सुरू झालेला घ्या किंवा रावेलचा १९२७चा, दोन्ही वाद्यांचा वाटा बरोबरीचा आहे. तरीही रेकॉर्डिंगला बसल्यावर अनेक जण पियानोला आवरायला निघतात, आणि निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

झाकण अर्ध्यावर आणणं

पियानो भारी पडतोय, झाकण खाली घ्या, असं सहज सुचतं. पण झाकण वरचे स्वर समोर फेकतं, तर मंद्र स्वर तारांखालच्या कंपणाऱ्या लाकडी फळीच्या खालूनही चहूकडे पसरतात. त्यामुळे झाकण अर्ध्यावर आलं की चमक जाते आणि खर्जाचा गढूळपणा तसाच राहतो. डेब्युसीच्या हलक्या, विरळ स्वरसमूहांचं तर यात फारच नुकसान होतं. झाकण पूर्ण उघडं ठेवा आणि व्हायोलिनवादकाची जागा बदला.

मैफलीची मांडणी इथे पाळायची गरज नाही. व्हायोलिनवादकाला पियानोकडे तोंड करून उभं करा आणि मुख्य माइक दोघांच्या मध्ये ठेवा. सुरुवातीला सर्वदिशी माइकची जोडी एकमेकांपासून ५० सेंटीमीटरवर, सुमारे दोन मीटर उंचीवर लावा. पियानोपासून दोन ते अडीच मीटर, व्हायोलिनपासून दीड ते दोन मीटर अंतर ठेवून बघा. मग रचनेतली सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हळू आवाजाची जागा वाजवून ऐका आणि वादकाला वीस-तीस सेंटीमीटर पुढे-मागे सरकवत राहा. तोल सापडला की पायाच्या जागी चिकटपट्टी लावा, नाहीतर जेवणानंतरचा टेक (एकदा वाजवून घेतलेलं रेकॉर्डिंग) सकाळच्या टेकशी जुळत नाही.

व्हायोलिनला जवळचा वेगळा माइक लावायचाच असेल, तर तो मुख्य जोडीपेक्षा निदान १० डेसिबल खाली मिसळा आणि त्याला विलंब द्या. आवाजाला एक मीटर जायला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हा माइक मुख्य जोडीपेक्षा वादकाला दीड मीटर जवळ असेल तर जवळपास ४.४ मिलिसेकंद. एवढं केलं नाही तर गजाची खरखर आधी आणि स्वर नंतर आल्यासारखं वाटतं.

रावेलला ही दोन वाद्यं मुळातच न जुळणारी वाटत. त्याच्या सोनाटात त्यांना एकजीव करण्याचा खटाटोप करू नका. ‘ब्लूज’ या मधल्या भागात व्हायोलिन जी मेजरमध्ये तारा छेडत सुरुवात करतं आणि पियानो ए फ्लॅट या वेगळ्याच पट्टीत येतो. ती टक्कर स्वच्छ ऐकू आली पाहिजे.

फक्त ए जुळवून थांबणं

पियानोच्या ए स्वरावरून व्हायोलिनच्या बाकीच्या तारा (जी, डी, ई) शुद्ध पंचमात लावल्या की डी पियानोपेक्षा सुमारे २ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरते आणि जी ४ सेंट, तर ई तार २ सेंट चढते. सभागृहात हे खपून जातं, माइकपुढे नाही. डेब्युसी आणि रावेल, दोघांचेही सोनाटे जी या स्वरावर उभे आहेत. तेव्हा उघडी जी तार थेट पियानोच्या जीशी लावा. पियानोचा ट्यूनर दिवसभर हाताशी हवा, कारण जोरकस वादनाने दोन-तीन तासांत एखाद्या स्वराच्या तारा आपसात सरकतात. सुटलेल्या स्वरावरचा टेक संपादनात दुरुस्त होत नाही.

नेमक्या मात्रेपासून दुरुस्ती वाजवणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. चुकलेल्या मापापासूनच पुन्हा वाजवलं, तर पियानोच्या तारा तेव्हा कोऱ्या असतात. आधीच्या पेडलची घुमणारी आस त्यांच्यात नसते, आणि जोडावर कुणीतरी हवा ओढून घेतल्यासारखी पोकळी जाणवते. दुरुस्ती निदान दोन मापं आधीपासून, त्याच पेडलसह सुरू करा आणि एक माप पुढे जाऊन थांबा. त्याआधी मूळ टेकमधली दहा सेकंदं दोघांना ऐकवा, म्हणजे लय आणि वजन दोन्ही हाताला लागतात.

रावेलच्या शेवटच्या भागात व्हायोलिनला श्वास घ्यायलाही जागा नाही, सोळांशांची धार अखंड चालते. तिथे जोड पियानोच्या आघातावरच टाका, आणि क्रॉसफेड (एक टेक विरत दुसरा वर येण्याचा काळ) ५ ते २० मिलिसेकंदांचाच ठेवा. अशा भागाचे आधी दोन पूर्ण टेक घ्या, दुरुस्त्या नंतर.

म्यूट लागला की पातळी वाढवणं

यानाचेकच्या अखेरच्या भागात म्यूट (आवाज दबवायला घोडीवर बसवायचा तुकडा) लावलेलं व्हायोलिन पियानोच्या सुरावटीत मधूनच घुसतं. आवाज दबलेलाच हवा. गेन (माइकच्या आवाजाची रेकॉर्डिंग-पातळी) वाढवला की तो दबलेपणा जातो आणि खोलीची सळसळ वर येते. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाजाची शिखरं -१० ते -१२ डेसिबलच्या आसपास ठेवून गेनला हात लावू नका. रबरी म्यूट काम नसताना घोडीमागे तारांवर ठेवलेला असतो, तो काही स्वरांवर किणकिणतो. ज्या भागात लागत नाही तिथे काढूनच ठेवा.

बाकीच्या आवाजांसाठी बाकाचे स्क्रू आणि पेडलचा सांधा आदल्या दिवशी तपासा. मांडणी हलवली की प्रत्येक वेळी रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज घेऊन ठेवा. दोन भागांमधली शांतता त्यानेच भरायची असते.