काडतुसांची टंचाई असताना दुकानातून काडतुसं कशी मिळवावीत

अमेरिकेत राहणारे आपल्यातले काहीजण हौसेने रेंजवर नेमबाजी करतात, काहीजण हंगामात हरणाच्या शिकारीला जातात. हा लेख त्यांच्यासाठी. तिथे काडतुसांची टंचाई अधूनमधून येतेच. २०१३ मध्ये .२२ ची (हे नळीच्या व्यासाचं इंचातलं माप) काडतुसं दिसेनाशी झाली होती. २०२० मध्ये महामारी, आंदोलनं आणि निवडणूक एकत्र आली, नव्याने बंदूक घेणाऱ्यांची रीघ लागली आणि त्यातच बंदुका आणि काडतुसं बनवणारी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत गेली. पिस्तुलाच्या ९ मिमीच्या काडतुसांचे भाव तिप्पट-चौपट झाले.

सर्वांत आधी स्वतःचा व्हिसा बघा. एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं संघीय कायद्याने गुन्हा आहे. काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी लागू पडणारा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो अपवाद आपल्याला लागू होतो का, हे वकिलाला विचारूनच ठरवा. मित्राच्या शब्दावर जाऊ नका. ग्रीन कार्डधारकांना ही अट नाही. वयाची अट मात्र सगळ्यांनाच आहे: परवानाधारक दुकानातून रायफल व शॉटगनची (छर्‍यांच्या बंदुकीची) काडतुसं १८ व्या वर्षापासून, पिस्तुलाची २१ व्या वर्षापासून. शिवाय राज्याचे नियम वेगळे. इलिनॉयमध्ये त्या राज्याचं बंदूकधारक ओळखपत्र लागतं.

मग दुकान निवडा. वॉलमार्टने २०१९ मध्ये पिस्तुलाची काडतुसं विकणं बंद करायचं जाहीर केलं, त्यामुळे ९ मिमीसाठी तिथे खेटे घालू नका. खेळसाहित्याच्या मोठ्या दुकानात काउंटरवर सरळ विचारा की मालाचा ट्रक कोणत्या वारी येतो, आणि त्या दिवशी दुकान उघडताना हजर राहा. टंचाईत माणशी एक-दोन बॉक्सची मर्यादा असते. ती योग्यच आहे, ती चुकवायला घरच्यांना रांगेत उभं करू नका. छोटी दुकानं आणि रेंज आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी थोडा माल राखून ठेवतात, तेव्हा ओळख ठेवा. शिकारीची काडतुसं हंगामाच्या तोंडावर शोधण्यापेक्षा वसंतातच घ्या.

माल हाती आल्यावर घाई नको. टंचाईत लोक ‘मिळेल ते’ उचलतात आणि इथेच खरा धोका आहे. बंदुकीच्या नळीवर कोरलेलं नाव आणि बॉक्सवरचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. ९ मिमी लुगर आणि ९ मिमी माकारोव्ह ही दोन वेगळी काडतुसं आहेत. शॉटगनमध्ये तर चूक जिवावर बेतते. तिच्या नळीचं माप ‘गेज’मध्ये सांगतात; आकडा मोठा, तितकी नळी बारीक. २० गेजचं काडतूस १२ गेजच्या बंदुकीत घातलं, तर ते घसरून नळीत पुढे अडकतं. मागची जागा रिकामी दिसते, माणूस त्यात १२ गेजचं काडतूस भरतो, चाप ओढतो आणि नळी फुटते. म्हणूनच २० गेजची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात. दोन्ही गेजची काडतुसं एका पिशवीत कधीही ठेवू नका. अनोळखी माणसाने घरी भरलेली काडतुसं कितीही स्वस्त मिळोत, घेऊ नका.

भाव बॉक्सचा नको, एका काडतुसाचा काढा. पिस्तुलाच्या बॉक्समध्ये बहुधा ५० असतात, शिकारी रायफलच्या २०, शॉटगनच्या २५.

घ्यायची किती? शिकाऱ्याला नेम जुळवायला आणि एका हंगामाला दोन बॉक्स पुरतात. रेंजवाल्यांनी सराव थोडा कमी करावा, एअर रायफल वापरावी. रिकाम्या बंदुकीने सराव करायचा असेल, तर खोलीत एकही खरं काडतूस नको.

भारतात यायच्या आधी रेंजला नेलेली बॅग घरीच ठेवा. दुसरी बॅग नसेल, तर हीच पूर्ण उलटी करून प्रत्येक कप्पा, अस्तराची शिवणसुद्धा चाचपा. विसरलेलं एकच काडतूस विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये दिसलं, तरी शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो.