एमएसची गोळी चालू आहे? मग डोळे असे तपासत राहा

माझ्या बहिणीला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार. तिच्यासोबत ओपीडीत बसून एक कळलं, की चालणं, तोल, हातपाय सगळं विचारलं जातं पण डोळ्यांचा विषय आपणच काढावा लागतो, म्हणून हे लिहितेय.

फिंगोलिमॉड किंवा सिपोनिमॉड ही एमएसची गोळी सुरू होणार असेल तर आधीच डोळ्यांच्या डॉक्टरकडून पडदा तपासून घ्या, जमलं तर ओसीटी स्कॅनसकट (त्यात पडद्याचे थर दिसतात), आणि परत ३-४ महिन्यांनी, काही त्रास नसला तरी. या गोळ्यांनी काही थोड्या जणांना पडद्याच्या मधोमध सूज येते, मॅक्युलर एडिमा म्हणतात, आणि ती बहुतेक सुरुवातीच्या याच महिन्यांत येते. दुखत वगैरे काही नाही, त्यामुळे कळतच नाही. शुगर असेल किंवा आधी युव्हायटिस (डोळ्याच्या आतला दाह) झालेला असेल तर धोका जास्त, त्यांनी पुढेही नियमित दाखवायचं. सूज सापडली तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, न्यूरोलॉजिस्टला आधी फोन, कारण फिंगोलिमॉड अचानक सोडलं तर एमएस जोरात उसळू शकतो.

घरी काय करायचं? एकेक डोळा झाकून बघा, हे फार महत्त्वाचं आहे, दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची कमी झाकून टाकतो. चष्मा लावून खिडकीच्या ग्रिलकडे बघा, सरळ गज वाकडे दिसतायत का, मधेच डाग आहे का, ती पडद्याच्या सुजेची खूण असू शकते. मग एखादी लालभडक वस्तू घ्या. एका डोळ्याला लाल फिकट दिसतंय आणि डोळा फिरवताना दुखतंय तर ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेचा दाह, असू शकतो, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा.

आता आपल्या मुंबईचा उकाडा. मे महिन्यात दादरचा ब्रिज चढून गेलं की काहींना धूसर दिसतं आणि पंख्याखाली बसलं, गार पाणी प्यायलं की परत नीट, तो बहुतेक उष्णतेचा परिणाम असतो, एमएसचा नवीन अटॅक नाही. पण २४ तास झाले तरी गेलं नाही तर डॉक्टरला सांगायचंच.

स्टेरॉइडचे कोर्स वारंवार झाले असतील तर डोळ्याचं प्रेशर आणि मोतीबिंदूही बघायला सांगा. तपासणीला थेंब घातले की काही तास सगळं अंधुक आणि उजेड सहन होत नाही, गॉगल न्या, सोबत कोणीतरी असू द्या, गर्दीच्या वेळची लोकल टाळा. आणि डोळ्यांच्या डॉक्टरला गोळीचं नाव आणि सुरू केल्याची तारीख कागदावर लिहूनच द्या, जुने स्कॅनही सोबत न्या, त्याशिवाय आधी काय होतं आणि आता काय बदललं हे त्यांना कळणार कसं.