मंडळीची प्रार्थना सभा नुसती नावापुरती राहू नये म्हणून काय करायचं

आपल्याकडं बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थना म्हणजे मीटिंग सुरू करताना एक आणि संपवताना एक, आणि मधले दोन तास रंगकाम, स्पीकर, नाताळचा खर्च. ही कामं करायलाच पाहिजेत, पण बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा ६ वा अध्याय काढून बघा, विधवांच्या रोजच्या अन्नाच्या वाटणीवरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी त्या कामाला सात माणसं नेमली आणि स्वतः प्रार्थना आणि वचनाची सेवा सोडली नाही, आणि त्यातही प्रार्थनेचं नाव आधी आलंय. मंडळीचं पहिलं काम हेच, बाकीची सेवा त्यातनंच निघते असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापूरकरांनी तर हे विसरूच नये. रॉयल वायल्डर मिशनरी म्हणून १८५२ ला इथं आले, त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ ला कोल्हापुरातच जन्मला. पुढं अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकत असताना तो आणि त्याची बहीण ग्रेस रात्री एकत्र बसून प्रार्थना करायचे, की कॉलेजच्या पोरांतनं मिशनरी उठू देत. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थ्यांनी मिशनरी व्हायची तयारी दाखवली आणि त्यातनं स्टुडंट व्हॉलंटिअर चळवळ उभी राहिली, हजारो लोक देशोदेशी गेले. सुरुवात फक्त दोन भावंडांची, म्हणून आपल्याकडं माणसं कमी आहेत हे कारण मला पटत नाही.

आधी स्वतःपासून सुरू करा. मत्तय ६:६ मध्ये खोलीत जाऊन दार लावून घे असं आहे, आता दोन खोल्यांत सहा माणसं राहतात तिथं दार कुठलं लावायचं, पण मार्क १:३५ मध्ये येशू स्वतः पहाटे उठून बाहेर एकांतात गेला, मग तुम्हीही रंकाळ्यावर चालता चालता करा, शिरोली एमआयडीसीची फर्स्ट शिफ्ट असली तर गाडी यायच्या आधी दहा मिनिटं करा. बायबलमधल्या नहेम्यानं तर राजाला उत्तर द्यायच्या आधी उभ्या उभ्या देवाची प्रार्थना केली. शब्द सुचत नसतील तर एक स्तोत्र मोठ्यानं वाचा आणि त्यातलीच ओळ स्वतःची करून बोला. आणि येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेचा क्रम ध्यानात ठेवा, आधी त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा, मग रोजची भाकरी. आपण एकदम नोकरी आणि लग्नापासनं सुरू करतो, ते मागायचंच आहे पण नंतर.

मग चार-पाच जण गोळा करा, जास्त नको. वार ठरलेला, वेळ ठरलेली, आणि वेळेत संपवायचं म्हणजे संपवायचं, कारण बायकांना घरी जाऊन भाकरी करायच्या असतात आणि कुणाची नाइट असते. पाऊण तास पुष्कळ झाला. एक गीत, पाच-सहा वचनं, त्यावर प्रवचन नको. सगळ्यात जास्त वेळ कुठं जातो सांगू का, विनंत्या सांगण्यात. अर्धा तास आजारपणाची अख्खी कहाणी ऐकायची आणि प्रार्थना पाच मिनिटं, हे उलटं झालं की सभा गेलीच म्हणून समजा. त्यासाठी विनंत्या दुपारपर्यंतच एकाकडं व्हॉट्सअॅपवर द्या, त्यानं चिठ्ठ्या करून आणाव्यात, एकानं एकच विषय घ्यायचा, दोन-तीन वाक्यं, आणि आमेन सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं. नवीन माणसाला बोलायला जबरदस्ती नको, नुसता बसला तरी तो प्रार्थनेतच आहे.

दोन गोष्टी मात्र अजिबात चालू देऊ नका. एक, प्रार्थनेतनं टोमणे. "प्रभू, उपासनेला उशिरा येणाऱ्यांना बुद्धी दे" हे प्रभूला नाही, मागच्या बाकाला सांगितलेलं असतं, आणि तो माणूस परत येत नाही. दुसरी, प्रार्थनेच्या नावाखाली घरची भानगड गावभर. दारू, नवरा-बायकोचं भांडण, कोर्टातली केस, यात त्या माणसाला विचारल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, पेशंटचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. एकदा विश्वास तुटला की लोक फक्त परीक्षा आणि प्रवास एवढंच सांगतात, खरं दुःख सांगत नाहीत.

एक वही ठेवा, तारीख, नाव, विनंती, आणि पुढं काय झालं. उपकारस्तुती करायला ही वहीच लागते, नाहीतर मागितलेलं आपण विसरून जातो.

आजाऱ्याला भेटायला सीपीआरला किंवा कुठल्याही दवाखान्यात गेलात तर दोघंच जा, घरच्यांना विचारा, हळू आवाजात दोन मिनिटं करा, शेजारच्या कॉटवरही कुणाचं तरी माणूस झोपलेलं असतं. याकोब ५:१४ प्रमाणं मंडळीचे वडील, म्हणजे नेमलेली वडीलधारी माणसं, गेले तर फारच चांगलं. औषध बंद करा असं चुकूनही कुणी सांगू नये, मिरजेचा डॉ. वॉनलेस यांचा दवाखाना मिशननंच उभा केलाय, प्रार्थना आणि ऑपरेशन दोन्ही एकाच छपराखाली. आणि बरं नाही झालं तर तुमचा विश्वास कमी पडला हे वाक्य तोंडातनं काढू नका. प्रेषित पौलानं शरीरातला काटा, म्हणजे त्याचा त्रास, काढून टाक म्हणून तीनदा विनंती केली तरी काटा राहिलाच, कृपा पुरे आहे एवढंच उत्तर आलं, आणि पौलाचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल. अशा घरी उत्तरं न देता नुसतं जाऊन बसा, महिनाभरानं परत जा.

शेवटचं पाळकांचं, म्हणजे मंडळीच्या पाद्रींचं. सगळे त्यांच्याकडं प्रार्थना मागायला जातात, त्यांच्यासाठी कोण करतं? पौल इफिसकरांना, थेस्सलनीकाकरांना आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणून सांगतो. तुमच्यातल्या एकानं दर शनिवारी फोन करायचा, "पाळकसाहेब, या आठवड्यात तुमच्यासाठी काय मागू?" आणि पहिल्यांदा ते सगळं ठीक आहे म्हणतील, तरी पुढच्या शनिवारी परत करायचा. मुलांचं शिक्षण, बाईसाहेबांची तब्येत, उद्याचं प्रवचन, हळूहळू सांगायला लागतात. आणि त्यांची बदली झाली म्हणून वहीतनं नाव काढू नका, नवीन मंडळीत सुरुवातीचे महिनेच जड जातात.