आधी दाखल नोंदवही, मग स्कॅनर

एम.लिब. करून बडोद्यातील एका जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालांनी तीन लाकडी कपाटांच्या किल्ल्या माझ्या हाती दिल्या आणि 'एवढे डिजिटल करून टाका' असे सांगितले. कपाटांत संस्थानकाळातील मराठी आणि गुजराती पुस्तके, महाविद्यालयाची वार्षिके, काही अहवाल आणि कापडात बांधलेली मोडी कागदपत्रे होती. स्कॅनर माझ्याआधीच येऊन बसला होता, कारण मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून तो घाईघाईने घेतलेला होता. त्याखाली काय ठेवायचे, ते कोणी ठेवायचे आणि तयार झालेल्या फायली कुठे जपायच्या, हे मात्र कोणी ठरवलेले नव्हते. याच कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. त्यात माझ्या चुकांनाच अधिक जागा गेली आहे.

आम्ही पहिल्या कपाटाच्या वरच्या फळीपासून सुरुवात केली आणि ओळीने पुढे जात राहिलो. रोजचा आकडा चांगला दिसत होता आणि तोच वर कळवला जात होता. काही महिन्यांनी इतिहासाच्या एका प्राध्यापिकेला एका प्रवासवर्णनातील नकाशा हवा होता. पडद्यावर ते पान उघडले, तर नकाशाची घडी जशीच्या तशी मिटलेली! ऑपरेटरने ती उलगडलीच नव्हती आणि मीही तपासली नव्हती. पुस्तक पुन्हा स्कॅनरखाली ठेवले, तेव्हा आधीच सैल झालेली शिवण तुटून शेवटचे दोन फर्मे (एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे) सुटे होऊन हातात आले. त्यानंतर, तोवर झालेले सगळे काम आम्ही पानन् पान तपासले. कुठे दोन पाने एकदम उलटली गेली होती, कुठे अंगठ्याच्या सावलीखाली पृष्ठक्रमांक गेला होता, आणि कितीतरी पुस्तके इतर ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर आधीच उत्तम प्रतीत उपलब्ध होती. ती आम्ही पुन्हा स्कॅन केली नसती, तरी कोणाचेही काही अडले नसते.

त्यानंतर आम्ही स्कॅनर झाकून ठेवला आणि दाखल नोंदवही काढली. जुन्या ग्रंथालयातील या नोंदवह्यांना नवीन माणसे कमी लेखतात, पण पुस्तक कधी आले, विकत घेतले की देणगी म्हणून मिळाले, देणगीदार कोण, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'पाने ३ ते ६ नाहीत' असे काही लिहिले आहे का, हे सगळे तिथेच कळते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभारले, पेट्यांतून गावोगावी जाणारी फिरती ग्रंथालये सुरू केली. त्यामुळे आमच्या देणगीतील काही पुस्तकांवर अशा गावच्या ग्रंथालयांचे शिक्के सापडतात. या शिक्क्याचे महत्त्व नोंदीत आले नाही, तर ते पुस्तक म्हणजे आणखी एक प्रत एवढेच उरते. शिक्क्यासह त्याचे छायाचित्र घेतले, तर वाचनाच्या इतिहासावर काम करणाऱ्याला ते साधन होते. निवड करताना मी आता पुस्तक इतरत्र सहज मिळते का, आपल्या प्रतीत वेगळे काही आहे का, कागद आणि शिवण स्कॅनिंग सोसतील का, आणि ते वाचकांसाठी खुले करण्याचा आपल्याला अधिकार आहे का, हे याच क्रमाने पाहते.

शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त टाळला जातो. १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. म्हणजे १९६० मध्ये निधन झालेल्या लेखकाचे साहित्य १ जानेवारी २०२१ पासून मुक्त झाले. पुस्तक जुने दिसते म्हणून ते मुक्त असेल असे गृहीत धरू नये, कारण १९३० साली पंचविशीत पुस्तक लिहिणारा माणूस १९९० पर्यंत सहज जगलेला असू शकतो. भाषांतरित पुस्तकात मूळ लेखक आणि भाषांतरकार या दोघांचीही मृत्युवर्षे शोधावी लागतात, आणि बडोद्यात मराठी-गुजराती देवाणघेवाण एवढी की हा प्रसंग आठवड्यातून एकदा तरी येतो. २०१२ च्या दुरुस्तीने, ग्रंथालयाकडे छापील प्रत असल्यास जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना दिली आहे, परंतु जतन करणे आणि सर्वांसाठी खुले करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही प्रत्येक नोंदीत अधिकारस्थितीचा रकाना सक्तीचा केला आणि तो रिकामा असेल, तर फाइल बाहेर दिसणार नाही अशी व्यवस्था केली.

तांत्रिक बाजू नवोदितांना अवघड वाटते, पण ती सर्वांत लवकर शिकता येते. ए४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० बिंदू), पूर्ण रंगात, न दाबता (कॉम्प्रेस न करता) साठवले, तर सुमारे २५ एमबी होते. ३०० पानांच्या पुस्तकाला साडेसात जीबी आणि अशा १,००० पुस्तकांना साडेसात टीबी जागा लागते. हा हिशेब स्कॅनर घेण्यापूर्वी कागदावर मांडावा, कारण मूळ टिफ फायली, वाचकांसाठीच्या हलक्या पीडीएफ आणि दुसऱ्या इमारतीत ठेवायची प्रत मिळून जागा दुपटीच्याही पुढे जाते. प्रत्येक फाइलचा चेकसम (तिच्यातील माहितीवरून यंत्राने काढलेला पडताळणी क्रमांक) काढून ठेवावा आणि ठरावीक काळाने पुन्हा जुळवून पाहावा, म्हणजे डिस्कवर फाइल मूकपणे बिघडली तर वेळेत कळते. आमची एक डिस्क पावसाळ्यात बंद पडली, तेव्हा दुसरी प्रत होती म्हणून निभावले. ती प्रत चेकसमने तपासलेली होती म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता आला. फायलींची नावे दाखल क्रमांकावरून द्यावीत. 'नवीन_अंतिम_२' अशा नावाची फाइल मला आजही अधूनमधून सापडते आणि ती देणारी मीच होते.

खरे काम नोंद करण्यात, म्हणजे मेटाडेटात आहे. डब्लिन कोअर या नोंदींच्या प्रमाण आराखड्याचे १५ घटक पाठ करायला दोन दिवस पुरतात. मराठी पुस्तकाच्या बाबतीत त्यांत काय भरायचे हे कळायला मला दोन वर्षे लागली. जुन्या मुखपृष्ठावर 'मुलांकरितां' असे अनुस्वारासह छापलेले असते, आणि १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर शिकलेला विद्यार्थी 'मुलांकरिता' असे शोधतो. आम्ही छापलेले शीर्षक तसेच ठेवतो आणि पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात आजचे लेखन देतो. मग येतात सामान्यरूपे: वाचक 'बडोदा' शोधतो, पण शीर्षकात 'बडोद्यातील' असते, आणि साधी शोधव्यवस्था या दोन शब्दांचे नाते ओळखत नाही. म्हणून स्थळाचे नाव वेगळ्या रकान्यात मूळ रूपात लिहावे, आणि तिथे बडोदा, बडोदे, वडोदरा ही सर्व रूपे एकमेकांशी जोडावीत. गायकवाड हे आडनाव तर रोमन लिपीत निदान तीन तऱ्हांनी लिहिले गेले आहे. त्यासाठी प्रमाणनामांची (प्रत्येक नावाच्या एकाच ठरवलेल्या रूपाची) यादी आधी करावी, पुस्तके नंतर.

याहून फसवी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. एका विद्यार्थिनीला 'वऱ्हाड' शब्द असलेले पुस्तक मिळेना; पुस्तक होते, नोंद होती, शीर्षकही बरोबर होते. तिने टंकलेला आणि आमच्या नोंदीतला असे दोन्ही शब्द पडद्यावर शेजारी ठेवले, तरी फरक दिसत नव्हता. शेवटी एकेका अक्षराचा संकेतांक काढून पाहिला, तेव्हा कळले की, आमच्या नोंदीत अर्धा र वेगळ्या अक्षरसंकेताने टंकित झाला होता आणि तिच्या मोबाइलचा कळफलक तो दुसऱ्याच प्रकारे लिहीत होता. दिसायला एकच, यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द! तेव्हापासून नोंदी चढवण्यापूर्वी युनिकोडचे (अक्षरांना प्रमाण संकेतांक देणाऱ्या पद्धतीचे) एकसारखे रूप करण्याची पायरी आम्ही ठेवली आहे. जुन्या शोधप्रबंधांत हाच त्रास मोठ्या प्रमाणावर येतो. अनेक मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले असतात. पीडीएफ वाचता येते, पण त्यातून परिच्छेद उचलला की रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'मध्ये ते ठेवले जातात. तिथे पाठवण्यापूर्वी निदान सारांश आणि मुख्य शब्द युनिकोडमध्ये नव्याने टंकून घ्यावेत, एवढा आग्रह मी विद्यार्थ्यांकडे धरते. मोडी कागदांवर ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारी प्रणाली) चालवण्याचा नाद आम्ही सोडून दिला. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले खरे, पण वळणदार हस्ताक्षर आमचे यंत्र वाचू शकले नाही. जाणकाराकडून प्रत्येक कागदाचा चार ओळींचा देवनागरी गोषवारा करून घेणे अधिक उपयोगी पडले.

यासाठी माणसे कशी असावीत, याबद्दल माझे मत काहींना आवडणार नाही. स्कॅनिंग कंत्राटावर देता येते, पण तपासणी आणि नोंद कंत्राटावर देऊ नये. आमचा कंत्राटी ऑपरेटर हुशार होता, 'ताई, हे पान वाकडे आलेय' असे स्वतःहून सांगायचा. चांगली नोकरी मिळाली आणि तो गेला. त्याच्याबरोबर सर्व्हरचा पासवर्ड आणि फोल्डरांच्या रचनेमागचे सगळे तर्कही गेले, कारण आम्ही ते लिहून घेतले नव्हते. आता कोणी रजेवर जाण्याआधीसुद्धा कार्यपद्धतीच्या वहीत नोंद करतो. निवृत्त झालेले आमचे एक सूचीकार काका आठवड्यातून एक दिवस येतात. त्यांना डीस्पेस हे डिजिटल संग्रहाचे सॉफ्टवेअर चालवता येत नाही, पण टोपणनावामागचा लेखक कोण, एकाच नावाचे दोन लेखक कसे वेगळे ओळखायचे, हे ते वाचनखोलीत बसल्या बसल्या सांगतात. संगणक येणारा एक तरुण आणि पुस्तके ओळखणारा एक जुना माणूस एका टेबलाशी बसवता आले, तर ते दोघांना स्वतंत्र प्रशिक्षण देण्यापेक्षा स्वस्त पडते. बोर्डेन यांनीही १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथालय प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला होता. पुस्तकांइतकीच सांभाळणारी माणसे घडवायची असतात, हे या शहराला तेव्हापासून माहीत आहे. नवोदितांनी मुलाखतीला जाताना सॉफ्टवेअरांची लांबलचक यादी सांगण्याऐवजी स्वतः केलेल्या २० उत्तम नोंदी सोबत न्याव्यात. मी उमेदवारासमोर एक जुने पुस्तक ठेवते आणि नोंद करायला सांगते. शके १८३४ हे वर्ष इसवी सनात कसे लिहायचे यावर बरेचजण अडतात.

मूल्यमापनाचा विषय महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या भेटीआधी निघतो आणि भेट झाली की मिटतो. 'किती पाने केली' हा आकडा सादर करायला सोपा असतो, पण त्यातून संग्रहाचा उपयोग कळत नाही. डाउनलोडच्या आकड्यावरही चटकन भुलू नये. आमच्याकडे एका महिन्यात तो अचानक चौपट झाला आणि कौतुकही झाले, पण नंतर पाहता बहुतेक भेटी शोधयंत्रांच्या बॉटच्या (आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामच्या) निघाल्या. ई-नियतकालिकांचा वापर मोजण्यासाठीच्या काउंटर संहितेत असे यांत्रिक वापर वगळण्याचे आणि ३० सेकंदांच्या आत एकाच फाइलवर पुन्हा पडलेली टिचकी एकदाच मोजण्याचे नियम आहेत. आपल्या संग्रहाला तेच लावावेत. मला सर्वांत अधिक शिकवले ते शून्य निकाल आलेल्या शोधांच्या यादीने. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ती यादी छापून काढते आणि प्रत्येक शब्दापुढे तीनपैकी एक खूण करते: साहित्य आपल्याकडे नाही, आहे पण डिजिटल नाही, किंवा डिजिटल आहे पण नोंदीमुळे सापडले नाही. तिसरी खूण पडली की दोष आमचा. वर्षातून दोनदा पाच विद्यार्थ्यांना संगणकासमोर बसवून ठरावीक पाच गोष्टी शोधायला सांगतो आणि शेजारी गप्प उभे राहतो. गप्प राहणे कठीण जाते, पण विद्यार्थी कुठे थबकतो हे त्याशिवाय कळत नाही. याखेरीज दरमहा दाखल नोंदवहीतून डोळे मिटून दहा क्रमांक निवडतो आणि छापील पुस्तक व पडद्यावरील पाने शेजारी ठेवून मोजतो.

तीनपैकी दोन कपाटे आता पूर्ण झाली आहेत. नकाशाचे ते प्रवासवर्णन आणि शिवण सुटलेली आणखी काही पुस्तके बाइंडरकडे आहेत. ती परत येईपर्यंत त्यांच्या नोंदी 'अपूर्ण' या शेऱ्यासहच दिसतील, आणि नकाशा हवा असणाऱ्यांना मी सध्या तो कागदावरच, टेबलावर उलगडून दाखवते.