समुद्राची भरती विकणारी कंपनी: जुन्या रविवारच्या पानासारखी चित्रकथा काढताना

1910 साली ‘न्यूयॉर्क हेरल्ड’च्या रंगीत रविवार-पानावर चित्रकथाकार विन्सर मकेनं आपल्या चित्रकथेतल्या छोट्या नीमोला स्वप्नात मंगळावर नेलं. तिथं श्वासाची हवा आणि बोलायचे शब्दसुद्धा ‘बी. गॉश अँड कंपनी’कडून विकत घ्यावे लागत. अमेरिकेत तेव्हा मक्तेदार कंपन्यांवर खटले चालू होते. स्टँडर्ड ऑइल ही तेल कंपनी मोडण्याचा निकाल मे 1911 मध्ये लागला. त्यामुळे या कंपनीचा रोख कुणाकडे आहे, हे वाचकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

गणपतीच्या मंडपात लावायच्या भित्तिपत्रकासाठी हीच रीत वापरता येते. आधी एक अशी वस्तू ठरवा, जिचे आजवर कुणी पैसे मागितलेले नाहीत. बाटलीतलं पाणी चालणार नाही, ते विकलं जातंच. आपल्याकडे भरती उत्तम. खाडीच्या मुखाशी वाळूचा बांध असला की होड्या भरतीच्या पाण्यावरच आत येतात, त्यामुळे भरती ज्याच्या ताब्यात त्याच्या हातात सगळा गाव. शिवाय भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते आणि कंपनीची खिडकी मात्र दहा ते पाचच उघडी. पहिल्या दिवशी भरती चारला, दुसऱ्या दिवशी पाचला दहा कमी, तिसऱ्या दिवशी पाच चाळीसला. खिडकी बंद, होडी बाहेर आणि टोपलीतला बांगडा मऊ पडतोय. हे तीन प्रसंग नीट काढलेत तर हावेवर भाषण लिहावं लागत नाही.

ढेरपोट्या शेठ काढू नका. तो दिसला की वाचक त्याच्यावर राग काढून मोकळा होतो आणि नियम नजरेतून सुटतो. त्याऐवजी दरपत्रकाची पाटी काढा आणि ती प्रत्येक चौकटीत मोठी करत न्या. मकेचा खरा हात इथंच दिसतो. 26 जुलै 1908 च्या पानात पलंगाचे पाय लांबतात, तशा चौकटीही उंच होत जातात. मकेची एक गोष्ट मात्र घेऊ नका. त्याच्या इम्प या पात्रासारखी आफ्रिकी माणसाची विद्रूप चित्रं तेव्हा खपली, पण ती तेव्हाही अन्यायाचीच होती.

कागद 56 × 71 सेंमीची ड्रॉइंग शीट. चारी बाजूंनी 3 सेंमी समास सोडा, वर 6 सेंमी मथळा. खाली चार ओळी, 10, 12, 16 आणि 18 सेंमी उंचीच्या, मध्ये 1 सेंमी फट. पहिल्या ओळीत चार चौकटी, दुसरीत तीन, तिसरीत दोन. शेवटच्या ओळीत 38 सेंमीची एक मोठी, तिच्यात पाटीनं समुद्र झाकलेला. उजवीकडे 11 सेंमीची अरुंद चौकट जागं होण्याची. नीमो जवळजवळ प्रत्येक पानाच्या शेवटी असाच अंथरुणात जागा होतो. इथं आई पोराला हलवते: “उठ रे झिला, भरती इली.”

संवादाच्या फुग्यांतली अक्षरं आधी लिहा, फुगा नंतर. मकेचे फुगे दाटीवाटीचे दिसतात. देवनागरीत ही चूक जास्त भोवते, कारण वेलांट्या वर जातात आणि उकार खाली लोंबतात. अक्षर 6 मिमी असेल तर एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत 14 मिमी अंतर ठेवा. लहान चौकटीत दोनच ओळी. मजकूर मावत नसेल तर शब्द काढा, अक्षर बारीक करू नका.

भाद्रपदात कागद ओल धरतो, निब तंतूंत अडकतं आणि शाई फुटते. पेन्सिल लावण्याआधी सुती कापड ठेवून मागच्या बाजूनं मंद इस्त्री फिरवा. शाई वॉटरप्रूफच घ्या आणि रात्रभर वाळू द्या. घाई केलीत तर जलरंगाच्या पहिल्याच हाताला रेघा ओघळतील. रंग पातळ ठेवा. पाटीचा पिवळा मात्र गडद हवा आणि तो दुसरीकडे कुठंही वापरू नका.

शीट चिऱ्याच्या भिंतीला थेट चिकटवू नका, दोन दिवसांत लाटा येतात. प्लायवर ताणून लावा आणि मागं बोटभर पोकळी राहील अशी टांगा.