फुगलेली बॅटरी आणि अडणारा ट्रॅकपॅड

ट्रॅकपॅडचे क्लिक घट्ट झाले किंवा कीबोर्डची बटणे वर उचलल्यासारखी दिसू लागली, की कोल्हापुरात पावसाळ्यात दोष दमट हवेला दिला जातो; परंतु लॅपटॉप काही वर्षे जुना असेल, तर आधी बॅटरी तपासावी. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिच्यातील द्रावणाचे विघटन होऊन वायू साठू शकतो, आणि अनेक लॅपटॉपांत ती ट्रॅकपॅडच्या खाली वा शेजारीच असल्याने तो फुगवटा वरच्या भागाला रेटतो.

लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून सपाट फरशीवर ठेवावा. तो डुगडुगला किंवा झाकण नीट मिटेना, तर पुन्हा चार्ज करू नये. फुगवटा दाबणे वा टोचणे म्हणजे आगीला आमंत्रणच. राजारामपुरीत किंवा अन्यत्र दुरुस्तीला दिल्यावर प्रथम बॅटरीच बदलून घ्यावी. दाब गेला की ट्रॅकपॅड अनेकदा पूर्ववत होतो, त्यामुळे त्याचे पैसे आधीच मोजू नयेत. जुनी बॅटरी घंटागाडीत न टाकता, २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वेगळी द्यावी.

फुगवटा मुळीच नसेल आणि कर्सर फक्त चार्जर लावल्यावरच उड्या मारत असेल, तर चार्जर आणि घरातील अर्थिंग तपासावे.